बियाणं उगवलं नाही तर: बांधापासून ग्राहक आयोगापर्यंतची वाट

२०२३ च्या खरिपात आम्ही चार एकर सोयाबीन पेरलं आणि आठव्या दिवशी रान काळंच्या काळं राहिलं. शेजारच्या काकांच्या रानात ओळी दिसायला लागल्या होत्या. त्यांचं आणि आमचं ट्रॅक्टर एकच, ड्रायव्हर एकच, पेरणीही एकाच सकाळची. वेगळी होती ती फक्त बियाण्याची पिशवी. आई बांधावर बसून म्हणाली, "आता दुबार पेरायचं, दुसरं काय करावं बाई." दुबार पेरलंच आम्ही. पण तक्रारही केली, जिल्हा ग्राहक आयोगात गेलो, आणि २०२५ मध्ये आदेश आमच्या बाजूने लागला.

या दोन वर्षांत सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला, तर आधी काय आणि नंतर काय हे सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. उदाहरण बियाण्याचं आहे, कारण मराठवाड्यात दर पावसाळ्यात हीच ओरड असते. पण सबमर्सिबल मोटार, फवारणी पंप किंवा घरातला फ्रिज सदोष निघाला तरी पायरी चारपासून पुढची वाट हीच.

एक गोष्ट आधीच सांगते. आपली बाजू भक्कम होते ती पहिल्या पंधरा दिवसांत. त्या दिवसांत जे कागदावर आलं नाही ते पुढे कितीही चांगला वकील लावला तरी उभं करता येत नाही.

१. पक्कं बिल आणि पिशवी

बिल पक्कंच घ्या. त्यावर पिकाचं नाव, वाण, कंपनीचं नाव, लॉट नंबर, पिशव्यांची संख्या, किंमत आणि तुमचं पूर्ण नाव असायलाच हवं. आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात वर्षभराची उधारी चालते. मग हातात पडते ती वहीच्या पानावरची चिठ्ठी, तिच्यावर नुसतं "४ बॅग" आणि रक्कम. ही चिठ्ठी आयोगात टिकत नाही. उधारीवर घेतलं तरी बिल मागता येतं. पैसे नंतर दिले म्हणून बिल नंतर असा काही नियम नाही.

पिशवी फोडताना टॅग असलेल्या बाजूने फोडू नका, खालून फोडा. टॅग, लेबल आणि वरची शिलाई शाबूत राहिली पाहिजे. निळा टॅग प्रमाणित बियाण्याचा, हिरवं लेबल सत्यप्रत, म्हणजे कंपनीने स्वतःच्या हमीवर विकलेल्या बियाण्याचं. दोन्हींवर लॉट नंबर आणि उगवणशक्ती छापलेली असते. सोयाबीनसाठी ती कमीत कमी ७० टक्के लागते. प्रत्येक लॉटचं मूठभर बियाणंही मागे ठेवा.

आमच्या घरी बिल माझ्या नावावर आणि सातबारा आईच्या. कंपनीच्या वकिलाने पहिल्याच जबाबात हे धरलं. कायद्यात मात्र विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारासुद्धा ग्राहकच आहे. आम्ही दोघींनी मिळून तक्रार दाखल केली होती, त्यामुळे मुद्दा तिथेच संपला. तुमच्या घरी असंच असेल तर सुरुवातीलाच दोघांची नावं टाका.

२. रान मोडण्याआधी

सोयाबीन साधारण पाच ते सात दिवसांत वर येतं. आठव्या दिवशी ओळी दिसल्या नाहीत तर त्याच दिवशी कामाला लागा. चार दिवस वाट पाहिली तर दुबार पेरणीची घाई सुरू होते आणि घाईत पुरावा नांगराखाली जातो.

आम्ही केलं ते असं. रानात सहा ठिकाणी मीटरपट्टी ओळीवर अंथरली आणि रोपं मोजली. दोन ओळींत ४५ आणि दोन रोपांत ५ सेंटीमीटर अंतराच्या पेऱ्यात मीटरभर ओळीत वीसेक रोपं हवीत. आमच्याकडे कुठे चार, कुठे पाच, एका ठिकाणी एकच आणि तेही वाकडं. मग खुरप्याने ओळ उकरली. दाणे सापडले, बोटात धरले की पिठासारखे दबत होते, मोडाचा पत्ता नाही. दाणा जिथे होता तिथे फुटपट्टी उभी लावली. साडेतीन सेंटीमीटर. भाऊ फोटो काढत होता आणि मी वहीत लिहीत होते.

फुटपट्टीचा तो फोटो पुढे सगळ्यात जास्त कामाला आला. बियाण्याच्या बहुतेक प्रकरणांत कंपनीचं म्हणणं ठरलेलं असतं: खोल पेरलं, ओल कमी होती, पेरणीनंतर मोठा पाऊस होऊन वर पापुद्रा धरला. सोयाबीन चार-पाच सेंटीमीटरपेक्षा खोल गेलं तर खरंच नीट उगवत नाही, त्यामुळे हा आक्षेप पोकळ नसतो. त्याचं उत्तर त्याच आठवड्यात रानातूनच मिळवावं लागतं.

फोटोत तारीख, वेळ आणि ठिकाण उमटेल असं करून घ्या. शेजारच्या उगवलेल्या रानाचेही फोटो काढा. ट्रॅक्टरवाल्याला आणि शेजाऱ्याला आत्ताच विचारून ठेवा, कारण पुढे त्यांची शपथपत्रं लागतील. मंडळनिहाय पावसाची नोंद कृषी कार्यालयातून किंवा महावेध या हवामान केंद्रांच्या सरकारी यंत्रणेवरून घ्या. पेरणीआधी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झालेला असावा असा कृषी विभागाचा सल्ला असतो, आणि त्या आकड्यावर पुढे वाद होतो.

३. तालुक्याला अर्ज आणि पंचनामा

तालुका कृषी अधिकारी आणि पंचायत समितीचे कृषी अधिकारी, दोघांकडेही लेखी अर्ज द्या. फोनवर सांगितलं, कृषी खात्याचे सहायक रानात येऊन बघून गेले, याला अर्ज म्हणत नाहीत. अर्जात गट नंबर, क्षेत्र, वाण, लॉट नंबर, दुकानाचं नाव आणि पेरणीची तारीख लिहा. सोबत बिलाची आणि टॅगची झेरॉक्स जोडा. तुमच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

अर्जानंतर तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती पाहणीला येते. उपविभागीय कृषी अधिकारी तिचे अध्यक्ष असतात, आणि कृषी विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्राचे शास्त्रज्ञही सोबत असतात.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, पाहणीची सूचना कंपनीला आणि दुकानदाराला गेलेली असली पाहिजे. नाहीतर "आमच्या पाठीमागे पंचनामा केला" असं म्हणायला त्यांना जागा मिळते. सूचना गेली का, हे कार्यालयात विचारा. शिवाय तुम्ही स्वतः दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर तारीख कळवून ठेवा.

दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. अहवालात नुसतं "उगवण २० टक्के" असं लिहून भागत नाही. उगवण का झाली नाही, ते कारण अहवालात यायला हवं. कारण लिहिलेलं नसलं की बियाण्यातच दोष होता हे सिद्ध करणं फार अवघड जातं, आणि चांगली प्रकरणं इथेच अडकतात. म्हणून समिती रानात असताना त्यांना नम्रपणे सांगा: साहेब, खोली मोजा, ओल बघा, शेजारचं रान बघा आणि ते लिहा. आमच्याकडे आलेल्या शास्त्रज्ञांनी स्वतः चार ठिकाणी उकरून बघितलं आणि "पेरणीची खोली व जमिनीतील ओलावा योग्य" असं ओळीने लिहिलं. त्या एका ओळीवर पुढची अर्धी लढाई उभी राहिली.

आता खरा पेच. समितीची वाट बघायची की दुबार पेरायचं? पाऊस कुणासाठी थांबत नाही, आणि सगळं रान पडीक ठेवा असं मी कुणाला सांगणार नाही. समिती येईपर्यंत थांबणं शक्यच नसेल तर निदान एक पट्टा तसाच ठेवा. बाकीचं रान मोडण्याआधी दोन पंचांच्या सह्यांनी साधा पंचनामा करून घ्या आणि तसं तालुक्याला लेखी कळवा. पंच घरातले नकोत.

अहवालाची प्रत अर्ज करून मागा. नाही मिळाली तर माहितीच्या अधिकारात मिळते.

४. नोटीस

आयोगात जाण्याआधी नोटीस पाठवलीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. तरी पाठवा. दुकानदार आणि कंपनी दोघांना, टॅगवरच्या पत्त्यावर, स्पीड पोस्टने, आणि पोहोचल्याचा पुरावा जपून ठेवा. एका पानात काय घडलं, किती नुकसान झालं आणि पंधरा दिवसांत भरपाई द्या, एवढं पुरेसं आहे.

नोटीस गेली की मध्यस्थ येतात. आमच्याकडे दुकानदार स्वतः आले. "ताई, वरून जसं आलं तसं दिलं, चार पिशव्या बदलून देतो, मिटवून टाका." ओळखीचा माणूस, वडील असल्यापासून आमची उधारी त्याच्याकडे. नाही म्हणताना जीभ जड होते, हे मला माहीत आहे. पिशव्या घ्यायच्या तर घ्या, पण "पूर्ण समाधान झाले, काही तक्रार नाही" अशा कागदावर सही करू नका. सही करायचीच असेल तर त्यावर "केवळ बियाणे बदलून मिळाले, नुकसानभरपाईचा हक्क राखून" असं स्वतःच्या हाताने लिहा.

फ्रिज, मोबाईल, कुरियर, बँक अशा प्रकरणांत या टप्प्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन जरूर करा. मराठीत बोलता येतं, आणि मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत बऱ्याचदा तिथेच मिटतं. पण हेल्पलाइन आदेश देत नाही, आणि तिच्याकडे तक्रार चालू आहे म्हणून आयोगाची मुदतही थांबत नाही.

५. कुठे, कोणाविरुद्ध, किती दिवसांत

लोक अजून "ग्राहक मंच" म्हणतात. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, तेव्हापासून त्याचं नाव जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार इथेच. ही मर्यादा मोजलेल्या किमतीवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००, आणि २० ते ५० लाखांना १,०००.

कंपनी हैदराबादची असो की इंदूरची, तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. ही सोय २०१९ च्या कायद्याने दिली.

मुदत दोन वर्षांची. उशीर झाला तर कारण सांगून माफीचा अर्ज करता येतो, पण त्या भरवशावर राहू नका.

कंपनी आणि दुकानदार दोघांनाही गैरअर्जदार, म्हणजे तक्रारीतला विरुद्ध पक्ष, करा. सीलबंद पिशवी विकणारा दुकानदार शेवटी सुटू शकतो, पण खरेदी त्याच्याकडून झाली हे त्याच्याच जबाबातून पक्कं होतं.

"शेती हा धंदा आहे, म्हणून शेतकरी ग्राहक नाही" हा आक्षेप हमखास येईल. घाबरू नका. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः राबून केलेलं काम कायद्याने व्यापारी हेतूत धरलेलं नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात शेतकरी हा ग्राहकच आहे असं स्पष्ट केलं. शेतकरी सगळं बियाणं पेरून टाकतो, चाचणीसाठी मागे ठेवेल अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही, हेही त्याच निकालात आहे. मूठभर बियाणं उरलं नसेल तर हा निकाल तक्रारीत जरूर लिहा.

६. तक्रार लिहिणं

वकील सक्तीचा नाही, तक्रार स्वतः चालवता येते. जिल्हा आयोगात ती मराठीत चालते. वकील हवा आणि ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमातींनाही मिळतो. आम्ही आईच्या नावाने तिथूनच वकील घेतला.

तक्रारीत तारखेच्या क्रमाने लिहा: कधी घेतलं, कधी पेरलं, कधी पाहिलं, कधी अर्ज दिला, समिती कधी आली, नोटीस कधी गेली. प्रत्येक वाक्यामागे एक कागद असावा आणि त्या कागदाचा अनुक्रमांक तिथेच लिहावा. "कंपनीने शेतकऱ्यांना लुटले" अशी वाक्यं मीही पहिल्या मसुद्यात लिहिली होती. वकीलबाईंनी सगळी काढायला लावली, आणि उरलं ते जास्त वजनदार होतं.

नुकसानीचा आकडा नीट मांडा, कारण प्रकरण जिंकूनही लोकांच्या हाती कमी पैसे पडतात ते इथे. एकरी दहा-बारा क्विंटल असं तोंडी धरू नका. मागच्या तीन वर्षांच्या आडत दुकानाच्या हिशोबपट्ट्या काढा. आमची सरासरी एकरी सात क्विंटल निघाली. दुबार पेरणीचं उत्पन्न तीन क्विंटल झालं. म्हणजे तूट एकरी चार, चार एकरांची सोळा क्विंटल. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,६०० रुपये, म्हणून ७३,६०० रुपये. त्यात न उगवलेल्या चार पिशव्यांची किंमत, दुसऱ्यांदा पेरल्याचं ट्रॅक्टर आणि वाया गेलेलं खत. दुसऱ्या बियाण्याची किंमत आम्ही वेगळी मागितली नाही. पहिल्याची किंमत परत मागत असाल तर दुसऱ्याची मागू नका, एकच खर्च दोनदा मांडला की बाकीच्या आकड्यांवरही शंका घेतली जाते. मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च वेगळ्या ओळीत मागा.

सोबत लागणारे कागद:

- बियाण्याचं पक्कं बिल, टॅग आणि लेबल (मूळ प्रती स्वतःकडे, सुनावणीला दाखवायला)
- सातबारा, आठ-अ, ई-पीक पाहणीची नोंद
- शिक्का असलेला अर्ज, समितीचा अहवाल, पंचनामा
- रानाचे फोटो, आणि ते मोबाईलमधून घेतल्याचं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र
- पावसाची नोंद
- शेजारी आणि ट्रॅक्टरवाला यांची शपथपत्रं
- मागच्या वर्षांच्या हिशोबपट्ट्या, दुबार पेरणीची बिलं
- नोटीस आणि तिची पोहोच
- तक्रारदाराचं प्रतिज्ञापत्र, आधार कार्ड

७. दाखल करणं

मी तक्रार ई-दाखिल या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवरून भरली होती. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती हे नवं पोर्टल सुरू झालं आहे, आता तिथे खातं उघडा. स्कॅन वाचता येईल असा करा. टॅगचा फोटो पुसट आला तर लॉट नंबर दिसत नाही, आणि सगळा खटाटोप त्या नंबरावर आहे. प्रत्यक्ष जाऊन द्यायची असेल तर प्रत्येक गैरअर्जदारासाठी एकेक संच न्या, आणि आयोगासाठी किती लागतात ते आधी फोनवर विचारा. प्रत्येक पानावर क्रमांक आणि सही हवी.

८. तारखा

तक्रार स्वीकारायची की नाही हे सर्वसाधारणपणे २१ दिवसांत ठरतं. मग गैरअर्जदारांना नोटीस निघते. त्यांना लेखी जबाबासाठी ३० दिवस, आणि आयोगाने वाढवून दिले तर आणखी १५. त्यापुढे वाढ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये सांगितलं आहे. ४६ व्या दिवशी जबाब आला तर लगेच हरकत घ्या.

पुढे पुराव्याचं शपथपत्र, लेखी युक्तिवाद, तोंडी युक्तिवाद. निकाल तीन महिन्यांत, चाचणी लागली तर पाच महिन्यांत, असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात आमच्या प्रकरणाला दीड वर्ष लागलं. तयारी तेवढी ठेवा.

एकही तारीख चुकवू नका. तक्रारदार गैरहजर राहिला म्हणून तक्रार निकाली निघू शकते. काढणी चालू होती, त्या दिवशी एसटी चुकली, हे तुमचं आमचं खरं असतं, पण आयोगाच्या रोजनाम्यात, म्हणजे त्या दिवसाच्या नोंदीत, फक्त "गैरहजर" लिहिलं जातं. अडचण असेल तर आधीच अर्ज द्या किंवा व्हिडिओवरून हजर राहण्याची परवानगी मागा.

मध्येच आयोग मध्यस्थीचं विचारेल. वाईट नाही, पण घरून किमान आकडा ठरवून जा.

९. आदेशानंतर

आदेशाची एक प्रत पक्षकाराला मोफत मिळते. त्यात पैसे किती दिवसांत द्यायचे ते लिहिलेलं असतं. कंपनीला अपील करायचं असेल तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे करावं लागतं, आणि त्याआधी रकमेचा निम्मा भाग भरावा लागतो. राज्य आयोगाचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे, त्यामुळे आपल्याला मुंबई गाठावी लागत नाही.

मुदत उलटली तरी पैसे आले नाहीत तर गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ प्रमाणे वसुलीचा अर्ज करता येतो. कलम ७२ प्रमाणे आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आम्ही कलम ७२ चा अर्ज दिला आणि नोटीस पोहोचल्यावर बारा दिवसांत आईच्या खात्यात पैसे जमा झाले.

तेव्हापासून आमच्या घरी पेरणीआधी प्रत्येक पिशवीतले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. सहाव्या दिवशी आई ते उलगडते आणि मोड आलेले दाणे मोजते. सत्तरच्या खाली भरले तर ती पिशवी, तिच्या टॅगसकट, त्याच दिवशी दुकानात परत जाते.